साखर उतरते म्हणता? मोजून दाखवा

दुकानाच्या पायरीशी रंगाच्या जुन्या डब्यात मी सदाफुली लावली आहे. तिला फुलं बारा महिने असतात, पानं मात्र अंगावर टिकत नाहीत. सकाळी फिरायला निघालेली मंडळी येता-जाता चार-पाच पानं खुडतात आणि तोंडात टाकतात. त्यातले एक निवृत्त गुरुजी तर मला रीतसर सांगून नेतात. "पांढऱ्या फुलाचीच आहे ना? मग हरकत नाही. गुलाबीला तेवढा गुण नसतो." माझं मेडिकलचं दुकान आहे. गुरुजी मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात आणि उतरताना पायरीवरून पानंही नेतात. त्यांची शुगर यातल्या नेमक्या कशाने आटोक्यात आहे, हे त्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. श्रेय मात्र पानांनाच मिळतं. गोळी काय, 'घ्यावी लागते'. पानं 'लागू पडतात'.

या पानांची एकदा कसून परीक्षा झाली आहे, आणि ती गोष्ट मी गिऱ्हाईक कमी असलं की ज्याला त्याला सांगत असतो. १९५२ साली जमैकाहून कॅनडात एक पाकीट आलं. आत सदाफुलीची पंचवीसेक पानं होती. तिकडेही लोक मधुमेहावर सदाफुलीचा काढा घेत. पाकीट आलं क्लार्क नोबल या डॉक्टरांकडे. (१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोला इन्शुलिनच्या शोधात असलेल्या बँटिंगच्या हाताखाली आधी कुणी जायचं, यासाठी दोन विद्यार्थ्यांत छापा-काटा झाला होता. बेस्ट जिंकला आणि इन्शुलिनच्या इतिहासात गेला. हरला तो हा नोबल.) त्यांनी पानं आपल्या भावाकडे, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे धाडली. तिथे त्यांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. साखरेवर काही परिणाम दिसला नाही. मग टोचून दिला. साखर तरीही ढिम्म, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरायला लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी झरझर उतरलेल्या.

'मधुमेहावर निरुपयोगी' असा शेरा मारून तिथेच थांबता आलं असतं. रॉबर्ट नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर थांबले नाहीत. १९५८ साली त्यांनी सदाफुलीतून विनब्लास्टिन हे पांढऱ्या पेशी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं, मागोमाग त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळालं, आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ते आजही दिलं जातं. म्हणजे झाडात औषध होतं. साधंसुधं नव्हे, जहाल होतं. फक्त लोक ज्यासाठी ते घेत होते, त्यासाठी ते नव्हतं. आपल्याकडे अजून त्याच समजुतीने पानं चावली जातात. तोंडावाटे घेतलेल्या चार पानांतलं फारसं काही अंगी लागत नाही, हे नशीबच म्हणायचं.

मला एवढंच म्हणायचं आहे: 'याने साखर उतरते' असं म्हणून जो कुणी काही विकतो, तो औषध विकतो. मग ते पान असो, चूर्ण असो की कॅप्सूलमध्ये भरलेला अर्क असो. औषध विकायचं तर औषधासारखं मोजून दाखवा. वनस्पतींशी माझं वैर नाही. उलट वनस्पतींना आपण गंभीरपणे घेतच नाही, ही माझी तक्रार आहे.

गंभीरपणे घेतलं की काय होतं, त्याची दोन उदाहरणं माझ्या फडताळातच आहेत. पहिलं मेटफॉर्मिन. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप जुन्या काळापासून औषधी मानत. जास्त चरलं तर मेंढ्या मरतात, इतकं ते विषारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं की त्यातल्या ग्वानिडिन जातीच्या रसायनांनी रक्तातली साखर उतरते. त्यातलं गॅलेजिन रुग्णांना देऊनही पाहिलं, पण ते झेपेना. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि पडून राहिलं. १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेही रुग्णांना देऊन निष्कर्ष छापले. अमेरिकेने मान्यता द्यायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात याच कुळातल्या फेनफॉर्मिनने रक्तात आम्ल साचून माणसं दगावतात असं दिसलं आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने ते बाजारातून काढलं. कुणीतरी मोजत होतं म्हणून एक गोळी राहिली आणि दुसरी गेली. राहिलेली आज दोन रुपयांच्या आसपास मिळते.

दुसरं उदाहरण नव्या गोळ्यांचं. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन काढलं गेलं. त्याने लघवीतून साखर जाते, हे १८८६ साली फॉन मेरिंग यांनी दाखवलं. पण ते आतड्यातच मोडतं, म्हणून तसंच्या तसं कामाचं नव्हतं. त्याचा सांगाडा बदलत बदलत डापाग्लिफ्लोझिन आलं, ते २०१२ मध्ये. सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षं. २०२० साली भारतात त्याचं पेटंट संपलं आणि महिन्याभरात माझ्या दुकानात कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त स्ट्रिपा येऊन पडल्या.

आता गावाकडची झाडं घेऊ. गुडमार, म्हणजेच बेडकीचा पाला, मी स्वतः चावून पाहिला आहे. एका प्रदर्शनात विक्रेत्याने पान दिलं, दोन मिनिटं चघळायला लावलं आणि मग चमचाभर साखर जिभेवर ठेवली. वाळू! शब्दशः वाळू चावल्यासारखं झालं. अर्ध्या तासाने चहा प्यायलो, तोही नुसता गरम आणि तुरट. विक्रेता सगळ्यांना सांगत होता, "बघा, जिभेवर साखर मारली, रक्तात का नाही मारणार?" गर्दी माना डोलावत होती. मला त्या वाक्याची दाद द्यावीशी वाटली, इतकं ते चलाख होतं. गुडमारमधली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा काही वेळ अडवतात, हे खरं आहे आणि सिद्ध झालेलं आहे. पण जिभेला साखर कळेनाशी होणं आणि रक्तातली साखर कमी होणं, यांत कढई आणि कुलूप यांच्याइतकं नातं आहे. गोड खाण्याची इच्छा त्याने कमी होत असेल तर तोही उपयोगच. मग तसं सांगावं.

मेथीचं उलटं आहे. तिच्यात तथ्य असल्याचे चांगले संकेत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत नव्वदच्या दशकाच्या तोंडावर मेथीवर काम झालं आणि उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. पण त्या प्रयोगात तेल काढलेल्या मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम दिली होती. शंभर! आपल्याकडे रात्री चमचाभर दाणे भिजत घालतात आणि सकाळी ते पाणी पितात. कुणीही घरच्या काट्यावर १०० ग्रॅम मेथी तोलून पाहावी आणि ती रोज, दोन वेळच्या जेवणात खायची आहे अशी कल्पना करावी. तोंड आत्ताच कडू होईल. बिया तशाच खाण्यात आणि पाण्यात काय उतरतं, यातही फरक आहे, कारण मेथीचा बराचसा गुण तिच्या चिकट तंतूंत आहे आणि ते आपण पाण्याबरोबर पीत नाही, तळाशी ठेवतो.

कारल्याबद्दल फार बोलत नाही. थायलंडमध्ये २०११ साली कारल्याची पूड आणि मेटफॉर्मिन समोरासमोर ठेवून पाहिलं. कारल्याचा परिणाम दिसला, पण मेटफॉर्मिनहून कमी. उपलब्ध चाचण्या एकत्र मांडून पाहणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्याला २०१२ साली ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. कारल्यातल्या 'वनस्पती इन्शुलिन'चं नाव विक्रेते फार घेतात. ते प्रथिन आहे आणि मूळ प्रयोगात ते टोचून दिलं होतं. रस प्यायलात तर पोट त्याचं तेच करणार जे डाळीचं करतं. जांभळाच्या पानांचा चहा ब्राझीलमध्ये रुग्णांना देऊन पाहिला, तिथे काहीच हाती लागलं नाही. बियांची गोष्ट वेगळी असू शकेल. असू शकेल, एवढंच.

बिबळ्याची, म्हणजेच विजयसाराची, कथा मात्र मला खरोखर चुटपुट लावते. बिबळ्याच्या लाकडाचा पेला तुम्ही जत्रेत पाहिला असेल. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते चहासारखं तांबूस होतं आणि उजेडात धरलं की त्यावर निळसर झाक मारते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, या विजयसाराच्या अर्काची चाचणी अनेक केंद्रांवर घेतली. १९९८ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ पैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली होती. ६९ टक्के! आकडा मोठा दिसतो, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्याला परवाच मधुमेह निघाला आहे, तो घाबरून जिलबी सोडतो, चालायला लागतो आणि त्याची साखर बरेचदा तेवढ्यानेही उतरते. त्यातलं बिबळ्याचं किती आणि जिलबीचं किती? हा प्रश्न आयसीएमआरलाही पडला असणार, कारण पुढे टोलब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलनाही करून झाली. बिबळा त्यात अगदीच टाकाऊ ठरला नाही. सरकारी पैशाने, रीतसर, अर्धी वाट चालून झाली होती. तरीही आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर माझ्याकडे येणारी बिबळ्याची गोळी नाही. पेले मात्र जत्रेत आहेतच, आणि त्या लाकडातून पाण्यात किती अर्क उतरतो, पहिल्या दिवशी किती आणि तिसाव्या दिवशी किती, हे पेला विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आपल्याला या झाडांबद्दल कधी पेटून उठायला होतं? दुसऱ्या कुणी हात घातला की. १९९९ साली अमेरिकेत कारलं, जांभूळ, गुडमार आणि वांगं यांच्या मिश्रणावर मधुमेहासाठी पेटंट दिलं गेलं. इकडे गहजब झाला. दोनच वर्षांपूर्वी डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, हळदीचं पेटंट रद्द करून घेतलं होतं, त्यामुळे आपली छाती फुगलेलीच होती. राग रास्त होता. आजीचा बटवा न्यू जर्सीच्या कंपनीच्या नावावर कसा? पण तेव्हाची चर्चा आठवून पाहा: हे ज्ञान कुणाचं, यावर रकानेच्या रकाने भरले, या मिश्रणाने साखर उतरते का, हे विचारणारा आवाज माझ्या तरी कानावर आला नाही. मालकी सिद्ध करायला आपण न्यायालयात जातो, गुण सिद्ध करायला प्रयोगशाळेत जायचं म्हटलं की 'हजारो वर्षांचा अनुभव' पुढे करतो.

त्या हजारो वर्षांच्या अनुभवात काय लिहिलं आहे, तेही पाहावं. लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी टिपलं होतं. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे प्रमेहाचे दोन प्रकार केले. आणि उपचार? औषधं आहेतच, पण गरीब रोग्याने अनवाणी, छत्रीविना, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र राहून शंभर योजनं चालत जावं, किंवा विहीर खणावी, असंही तो सांगतो. विहीर! आयुर्वेदाच्या नावाने डबे विकणाऱ्यांपैकी कुणाच्याही डब्यावर मी कुदळीचं चित्र पाहिलेलं नाही.

आणि मुळात हे अर्क आयुर्वेद तरी आहेत का? वैद्य नाडी पाहतो, प्रकृती पाहतो, एकाला दिलेलं दुसऱ्याला देत नाही. डब्यातला अर्क सगळ्यांना सारखाच: दोन कॅप्सूल, जेवणाआधी. आधुनिक औषधशास्त्राची शिस्त नको म्हणून आयुर्वेदाचं नाव आणि वैद्याची शिस्त नको म्हणून अर्काचं शास्त्रीय लेबल, असा हा दोन्ही घरचा पाहुणा आहे.

हा पाहुणा दारातून आत कसा येतो, हे दुकानदाराला विचारा. मागच्या वर्षी एक मुलगा घरी आणलेला डबा दाखवायला आला. "बाबांसाठी घेतलाय, बघता का जरा?" हिरवं पान, ग्लुकोमीटरचं चित्र, नावात ठळक 'शुगर'. किंमत साडेसहाशे, महिन्याची. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. औषधाचा परवाना नव्हताच, खाद्यपदार्थाचा होता. खाली मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. पूरक आहार म्हणून विकताना हे वाक्य छापावंच लागतं. पुढे ग्लुकोमीटर, मागे 'औषध नाही'. कायदा पाळला गेला होता! दुसरं दार आयुर्वेदिक 'प्रोप्रायटरी' औषधाचं. घटक ग्रंथांत सांगितलेले असले की राज्याचा अधिकारी परवाना देतो, आणि नव्या गोळीकडून मागतात तशी मोठी, तुलनात्मक चाचणी त्याला द्यावी लागत नाही.

जाहिरातीला तरी लगाम आहे म्हणावं, तर १९५४ च्या जादूचे उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. तो बरा करण्याची जाहिरात करताच येत नाही. सत्तर वर्षं हा कायदा आहे, आणि सत्तर वर्षं एसटी स्टँडच्या भिंतीही आहेत. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी लागेल असा नियम (औषध नियमांतला क्रमांक १७०) डिसेंबर २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

यात सर्वांत जास्त वैताग कशाचा, तर तिसरं, सरळ दार उघडं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने 'फायटोफार्मास्युटिकल' अशी वेगळी व्याख्या केली. झाडाचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश. त्यातली किमान चार द्रव्यं ओळखलेली आणि मोजलेली. आणि इतर नव्या औषधांसारखी चाचणी. एकच रेणू वेगळा काढायची सक्ती नाही, म्हणजे 'झाडाचा गुण एकत्र असण्यात असतो' म्हणणाऱ्यांचाही मान राखलेला. याच सुमाराला लखनौच्या दोन सरकारी प्रयोगशाळांनी दारुहळद, गुळवेल, बिबळा, गुडमार, मंजिष्ठा आणि मेथी यांपासून बीजीआर-३४ हे मधुमेहावरचं औषध तयार केलं. तंत्र होतं, माणसं होती, सरकारचं नाव होतं. बाजारात मात्र ते आयुर्वेदिक औषधाच्या दारातून आलं. ज्यांना कठीण दार झेपलं असतं त्यांनीच सोपं धरलं, तर खासगी डबेवाल्याने का कष्ट घ्यावेत?

"अहो, पण नुकसान तर काही नाही ना?" हे वाक्य मी दिवसातून एकदा ऐकतो. आहे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वाद चालू द्या, पण वाद घालण्याइतकी शंका आहे हे तरी मान्य करा. दुसरं, 'शुद्ध झाडपाला' म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या चूर्ण-गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन, अगदी हद्दपार झालेलं फेनफॉर्मिनही वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत सापडलं आहे. म्हणून कुणी "तीन दिवसांत दोनशेने उतरली" म्हणून चूर्णाची पुडी दाखवली की मला आनंद होत नाही, धास्ती वाटते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना अशाच पुडीनंतर पहाटे घाम फुटून भोवळ आली, शुगर ४८. त्या आधीच गोळी घेत होत्या, पुडीत काय होतं ते कुणाला माहीत? आणि ज्या मुलांच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांचं इंजेक्शन बंद करून काढा देणं म्हणजे काही दिवसांत त्यांना मरणाच्या दारात नेणं. तिथे चर्चेला जागाच नाही.

चाचण्यांना पैसा कोण देणार, हा आक्षेप मात्र खरा आहे. मेथीवर कुणाला मक्तेदारी मिळणार नाही, मग कंपनी कोट्यवधी का ओतेल? म्हणूनच हे काम सरकारचं आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. गोव्यात तर २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. चार माणसं जेवायला बसली की त्यात एकाला भात बेताने वाढायचा. इतक्या मोठ्या आजारासाठी शंभर झाडांच्या मागे धावायची गरज नाही. बिबळा, मेथी, गुडमार, कारलं. चारच घ्या. प्रत्येकाचा अर्क एकसारखा बनवा, तीन महिन्यांची शुगर मोजा, शेजारी मेटफॉर्मिनचा गट ठेवा, आणि निकाल काहीही लागो, मराठीसकट सगळ्या भाषांत छापा. तोवर ज्या डब्याच्या पुढच्या बाजूला ग्लुकोमीटर आहे, त्याला मागच्या बाजूला 'औषध नाही' म्हणायची मुभा देऊ नका. एवढ्यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

डॉक्टरांनीही एक करावं. "झाडपाला घेता का?" हे न ओरडता विचारावं. ओरडलं की रुग्ण पाला सोडत नाही, सांगणं सोडतो.

गुरुजींना मी जमैकाची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उंदरांना गुलाबी फुलाची दिली असेल." आम्ही दोघंही हसलो. पण गेल्या महिन्यात ते त्यांची वही घेऊन आले. तीन महिने पानं बंद ठेवून शुगर लिहायची, नंतर तीन महिने चालू ठेवून लिहायची, गोळी आणि जेवण तेच, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आहे. रकाने पट्टीने आखलेले, तारखा लाल शाईत. सध्या बंदचा दुसरा महिना चालू आहे. सदाफुलीला बऱ्याच दिवसांनी खालपर्यंत पानं आली आहेत.